अग्रहारातील पायवाट

म्हैसूरला जाणारा प्रवासी बहुधा तीन स्थळे मनाशी धरूनच घरून निघतो: राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन उद्यान. ही तिन्ही स्थळे पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही, आणि त्यांची वर्णनेही आपण अनेकदा वाचली असतील. वाचकहो, आज मात्र मी आपणांस राजवाड्याच्या महाद्वाराशी फार वेळ थांबविणार नाही. तेथून नैर्ऋत्येकडे पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर एक जुनी वस्ती आहे. तिचे नाव अग्रहार. तेथे आपण जाऊ. माझी एवढीच विनंती आहे, की हे अंतर आपण माझ्याबरोबर पायी चालावे. रिक्षाला हात करू नये.

अग्रहार हा शब्द आपल्याला परका नाही. विद्वान ब्राह्मणांना राजांनी दान दिलेल्या गावाला वा वस्तीला अग्रहार म्हणत, आणि महाराष्ट्रातील जुन्या ताम्रपटांतही हा शब्द आढळतो. आजच्या अग्रहारात त्या दानाची खूण फारशी उरलेली नाही. मंगलोरी कौलांची काही बैठी घरे, त्यांच्या दाराशी असलेले दगडी ओटे, ज्यांना कानडीत 'जगली' म्हणतात, आणि पहाटे अंगणात उमटणारी रांगोळी, एवढेच जुनेपण शिल्लक आहे. बाकी सारी वर्दळ आजची. वाणीविलास बाजारातील भाजी, फुले आणि नारळ, रामानुज रस्त्यावरील मोठे रुग्णालय, औषधांची दुकाने, मिठाईवाले, पतपेढ्या आणि चौकात चहूबाजूंनी येणारी वाहने. याच भागात एक विलक्षण देऊळ आहे. त्यात एकाच गणपतीची नव्हे, तर एकशे एक गणपतींची स्थापना आहे. त्यावरून चौकालाही लोक एकशे एक गणपतीचा चौक म्हणतात. मराठी मनुष्याला या परमुलखातही आपलेपणा वाटावा, अशीच ही जागा.

या वस्तीत माझी आत्या राहते. लग्न होऊन ती म्हैसूरला आली, त्याला आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. तिच्या मराठीला कानडीचा गोड हेल चढला आहे, पण पुरणपोळीवरील तुपाची धार मात्र अस्सल आपल्याकडची. पूर्वी मी जात असे तेव्हा सकाळी उठावे, तो आत्या एकशे एक गणपतीचे दर्शन घेऊन, परतताना शेवंतीची वेणी आणि विड्याची पाने घेऊन घरी आलेली असे. या खेपेस ती घरातच होती. मी सहज विचारले, "आत्या, आज गणपतीला गेली नाहीस का?"

ती हसली आणि म्हणाली, "अरे, दोन वर्षे झाली जाऊन. गणपती काही दूर गेलेला नाही. मधला रस्ताच आता माझ्याने ओलांडवत नाही."

पुढे कळले ते असे. घरापासून देवळापर्यंतचे अंतर चारशे पावलांहून अधिक नाही. परंतु एकदा पदपथावरील एक फरशी डगमगली, आत्याचा पाय मुरगळला आणि मनगटाचे हाड मोडले. हाड सांधले, धीर मात्र सांधला नाही. पदपथावर चालावे, तर कोठे दुकानाची पायरी पुढे आलेली, कोठे स्कूटर उभी केलेली, कोठे विजेची पेटी. खाली उतरून रस्त्याने चालावे, तर मागून भोंगा. आणि चौक ओलांडावा, तर वाहनांच्या त्या अखंड प्रवाहाला एका म्हातारीसाठी थांबण्याचे कारण काय? चारशे पावलांवरचे देऊळ अशा रीतीने आत्याच्या आयुष्यातून नाहीसे झाले.

त्याच घरात ओट्याच्या कोपऱ्यात एक निळी सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. ती आत्याच्या नातीची. मुलगी नववीत आहे. शाळा दीड-दोन मैलांवर. "काका, मला छान येते सायकल," ती मला म्हणाली, "पण अप्पा सोडत नाहीत. रविवारी सकाळी तेवढी गल्लीत फिरवते." रोज सकाळी तिचे वडील कामाची घाई असतानाही तिला स्कूटरवरून शाळेत पोहोचवितात. त्यांना दोष देता येत नाही. त्या रस्त्यावर मीही माझ्या मुलीला सायकलने सोडले नसते. परंतु गंमत पाहा: ज्या वाहनांच्या भीतीने ही मुलगी सायकलवर बसत नाही, त्या वाहनांत तिला पोहोचविणारी स्कूटर ही आणखी एक भर. शाळेच्या दाराशी अशा शेकडो स्कूटरी येतात, आणि त्या प्रत्येकीमुळे दुसऱ्या कोणाच्या तरी बापाची भीती वाढते.

वाचकहो, ही माझ्या आत्याच्या एका घराची गोष्ट नव्हे, हे आपण जाणताच. आपल्या घरीही एखादी आजी, एखादी सायकल अशीच कोपऱ्यात बसली असेल.

आता आपण थोडे मागे जाऊ, कारण म्हैसूर हे या बाबतीत काही शिकविणारे नगर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ मुंबईहून पसरत दक्षिणेत गेली. दाट वस्ती, अंधाऱ्या गल्ल्या, उघडी गटारे. रोगाला हवे ते सर्व आपल्या शहरांत होते. मुंबईत त्यावर उपाय म्हणून १८९८ साली सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. म्हैसूर संस्थानानेही १९०३ साली नगरसुधारणेसाठी तसेच मंडळ नेमले. नव्या वसाहती आखल्या गेल्या, सरळ आणि हवेशीर रस्ते काढण्यात आले, गटारे बांधली गेली. महाराणी वाणीविलास सन्निधान यांच्या नावाचा बाजार अग्रहारात आहे, हे वर आलेच. त्याच राणीच्या नावाने शहराचा पाणीपुरवठाही ओळखला जातो. कावेरीचे पाणी नळाने घरोघर जावे, हा खर्च कोणा एका गृहस्थाने करावयाचा नसून तो राज्याने करावयाचा आहे, हे त्या काळी मान्य झाले.

हे मान्य होणे सोपे नव्हते. विहीर ज्याची त्याने खणावी, घाण ज्याची त्याने उपसावी, अशी शतकानुशतकांची समजूत होती. प्लेगने ती मोडली. एकाच्या दाराशी साचलेले पाणी दहा घरांना मारते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि गटार ही सार्वजनिक गोष्ट ठरली. माझे म्हणणे एवढेच आहे, की पदपथ आणि सायकलमार्ग यांची जातकुळी नेमकी हीच आहे. ते शहराचे दागिने नव्हेत आणि गरिबांवर केलेले उपकारही नव्हेत. नळ आणि गटार यांच्या पंक्तीतच त्यांचे पान मांडले पाहिजे. नळाप्रमाणेच त्यांचा खर्चही सार्वजनिक तिजोरीतून, दरवर्षी, न चुकता झाला पाहिजे. कारण पदपथ विकून कोणाला नफा होत नाही. मोटार विकणारा कारखाना आहे, पेट्रोल विकणारा पंप आहे. पण चालणे कोण विकणार? ज्या गोष्टीत विक्रेता नाही, ती राज्यसंस्थेनेच करावी लागते.

राज्यकर्त्यांना हे कधी कळलेच नव्हते असेही नाही. राजवाड्याच्या मागे दिसणाऱ्या चामुंडी टेकडीवर सुमारे हजार पायऱ्या आहेत. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडियार यांनी त्या बांधविल्या. वाटेवर एकाच खडकातून कोरलेला अवाढव्य नंदी आहे. चढणारा तेथे टेकतो, घाम पुसतो आणि पुढे जातो. आता वरपर्यंत मोटारीचा रस्ता आहे, तरी पहाटे त्या पायऱ्यांवर आबालवृद्धांची रीघ असते. काही बायका प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावीत चढतात. पायी चालणाऱ्यासाठी राज्याने केलेला खर्च साडेतीन शतकांनंतरही व्याज देत आहे. याहून चांगली गुंतवणूक कोणती?

अलीकडच्या काळातही म्हैसूरने एक धाडस केले. जून २०१७ मध्ये या शहरात सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली. तिचे नाव मोठे गोड आहे: 'ट्रिण ट्रिण'. घंटीचा आवाज तोच योजनेचा उच्चार. जागतिक पर्यावरण निधीचे साहाय्य, कर्नाटक राज्याचा नागरी वाहतूक विभाग आणि महापालिका यांच्या सहकार्याने ४५० सायकली आणि ४८ थांबे उभारले गेले. आपल्या देशात अशा प्रकारची ही आरंभीच्या योजनांपैकी एक. आरंभीची रीत सोपी होती. सभासदाने आपले कार्ड थांब्याच्या यंत्राला दाखवावे, की कुलूप सुटे. सायकल घ्यावी, काम करावे आणि जवळ पडेल त्या थांब्यावर ती परत लावावी. विद्यार्थी, कारकून आणि पाहुणे अशा हजारो लोकांनी सभासदत्व घेतले. म्हैसूरची जमीन बरीचशी सपाट, जुन्या रस्त्यांवर झाडांची सावली, अंतरे लहान. सायकलीला याहून अनुकूल नगर शोधूनही सापडणे कठीण.

मग माझ्या आत्याच्या नातीची सायकल ओट्यावर का? कारण सायकल देणे आणि सायकलीला रस्ता देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. थांब्यावरून सुटलेली सायकल अखेर त्याच रस्त्यावर येते, जेथे बस, मोटारी आणि रिक्षा दाटीवाटीने धावत असतात. धीट तरुण त्यात शिरतो. चौदा वर्षांची मुलगी, तिची आई आणि साठीचे गृहस्थ काठावर थांबतात. याचा अर्थ योजना चुकली असा मुळीच नाही. ती अर्धी झाली, उरलेली अर्धी करावयाची आहे, असाच त्याचा अर्थ.

आपल्या पुण्याचा धडाही हाच आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, त्या पुण्यात २०१७ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांनी भाड्याच्या हजारो सायकली रस्त्यांवर आणल्या. रंगीबेरंगी सायकली पाहून जुन्या पुणेकरांचे डोळे निवले. पण काही वर्षांतच त्या दिसेनाशा झाल्या. त्यातून नफा निघेना, तेव्हा कंपन्यांनी आपला पसारा आवरला. व्यापारी तोट्यात धंदा चालवीत नाही, हे योग्यच आहे. म्हणूनच असल्या कामाचा कणा व्यापारी असू शकत नाही. याउलट त्याच पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर सार्वजनिक पैशाने जो रुंद पदपथ झाला, त्यावर आज वृद्ध बाकांवर बसतात, मुले खेळतात आणि रस्त्याकडेची दुकानेही चालतात. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याच्या काही भागात वाहने बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा झाला, आणि पुढेही तो पाळला जाऊ लागला. खरेदीच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर माणसे मधोमध निर्धास्त चालली, हे दृश्य अनेकांनी आयुष्यात प्रथमच पाहिले असेल.

कोणी म्हणेल, देशापुढे मोठमोठी कामे पडली असता पदपथांसाठी पैसा कोठून आणावा? या प्रश्नाला आकडेच उत्तर देतात. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरउद्योग यांखेरीज इतर कामांवर जाणाऱ्यांची नोंद झाली. त्यांत सुमारे साडेचार कोटी लोक पायी आणि अडीच कोटींहून अधिक सायकलने कामावर जात होते. मोटारीने जाणारे त्यांच्यापुढे मूठभर होते. रस्ता मात्र त्या मूठभरांच्या मापाने आखला जातो. आणि याची किंमत? २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मरण पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण कोणत्याही वाहनात नव्हता, कोणत्याही घाईत नव्हता. तो केवळ चालत होता. प्लेगच्या साथीत आपण मृतांची मोजणी केली आणि गटारे बांधली. ही मोजणीही दरवर्षी होते. तिच्यापुढचे पाऊल कोणते, हे आपणच ठरवावयाचे आहे.

बांधावे कसे, हे ठाऊक नाही अशी सबबही आता उरलेली नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथावर चालण्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाव्यात, आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी, असे सांगितले आहे. उंची कमी का, हे आत्यासारख्या गुडघेदुखीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणाने वाहने नव्हे तर माणसे हलविणे हे ध्येय मानले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ साली सर्व देशांना सुचविले, की वाहतुकीवरील खर्चाचा निदान वीस टक्के भाग चालणे आणि सायकल यांसाठी राखावा. चेन्नई महापालिकेने तर २०१४ सालीच आपल्या वाहतूक खर्चातील साठ टक्के भाग या कामासाठी ठेवण्याचे धोरण स्वीकारले. तेथील पाँडी बाजारातील रुंद पदपथ आज पाहण्यासारखे आहेत. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की चालण्यायोग्य पदपथ मिळणे हा नागरिकाच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे.

खर्च फार मोठाच असतो असेही नाही. म्हैसूरच्या अनेक जुन्या वसाहतींत घरांच्या दोन ओळींमागून एक अरुंद गल्ली जाते. तिला तेथे 'कन्झर्व्हन्सी' म्हणतात. ज्या काळी माणसाच्या हातून मैला वाहून नेला जाई, त्या काळी या गल्ल्या आखल्या गेल्या. ती अमानुष प्रथा कायद्याने बंद झाली, आणि गल्ल्यांत आता बहुतेक ठिकाणी कचरा, रानगवत आणि मोडके सामान पडलेले असते. या गल्ल्या साफ करून, फरशी घालून, दोन दिवे लावून एकमेकींना जोडल्या, तर वाहनांचा स्पर्शही नसलेली वाट शाळांपर्यंत आणि बाजारापर्यंत जाऊ शकेल. जी वाट एका माणसाच्या अपमानासाठी बांधली गेली, ती मुलांच्या सायकलींसाठी मोकळी व्हावी, यासारखे प्रायश्चित्त नाही. आपल्या गावातही अशा विसरलेल्या वाटा असतीलच: जुन्या ओढ्याचा काठ, कालव्यावरील रस्ता, बंद पडलेल्या रुळांची पट्टी.

आपण काय करावे, असे आपण विचाराल. दरवर्षी आपल्या नगरपालिकेचे वा महापालिकेचे अंदाजपत्रक प्रसिद्ध होते. ते एकदा हाती घेऊन पाहावे. उड्डाणपुलाला किती आणि पदपथाला किती, हे दोन आकडे शेजारी लिहून काढावे. पदपथ बांधण्याचा आकडा निराळा आणि तो राखण्याचा निराळा, हेही पाहावे. कारण फरशी डगमगते ती बांधल्यावर, आणि आत्याचे मनगट मोडले ते त्या दुसऱ्या आकड्याच्या अभावी. पुणे महापालिका २००६ पासून आपल्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागविते, आणि त्यांत पदपथ, बाके, दिवे अशी लहान कामे सुचविता येतात. आपल्या गावी अशी सोय असेल तर तिचा लाभ घ्यावा. नसेल तर ती मागावी. नगरसेवकाकडे जाताना एकटे जाऊ नये. घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान, या दोघांना बरोबर न्यावे. त्यांच्याइतका बोलका अर्ज दुसरा नाही.

माझ्या परतीच्या दिवशी सकाळी मी आणि ती मुलगी आत्याला घेऊन देवळात गेलो. सूर्य उगवायच्या आत निघालो, कारण तेवढाच वेळ रस्ता आपला असतो. वाणीविलास बाजारापुढे फुलांच्या पाट्या उतरत होत्या. आत्याच्या एका हाताला मी होतो, दुसऱ्या हाताला नात. ती दुसऱ्या हाताने आपली निळी सायकल ढकलीत होती. आत्या दर दहा पावलांवर कोणाला ना कोणाला भेटे. "कुठे होतात इतके दिवस?" असे ओट्यावरच्या बायका कानडीत विचारीत, आणि ती उत्तरादाखल नुसती हसे. देवळात पोहोचल्यावर तिने एकेका गणपतीपुढे हात जोडले. त्याला बराच वेळ लागला. आम्ही घाई केली नाही.

परतताना मात्र उजाडले होते आणि चौक जागा झाला होता. आत्याने माझा हात घट्ट धरला. आम्ही कडेला उभे राहिलो. एक बस गेली, तीन रिक्षा गेल्या, स्कूटरींचा एक थवा गेला. मग त्या मुलीने सायकलची घंटी वाजविली, हात वर केला आणि ती धीटपणे दोन पावले पुढे झाली. एक मोटार थांबली, तिच्यामागची थांबली. आम्ही ओलांडून पलीकडे गेलो.

त्या मुलीचा हात रोज तेथे असणार नाही. तिच्या हाताचे काम करण्यासाठीच पांढरे पट्टे असतात, सिग्नल असतो, रुंद आणि सपाट पदपथ असतो. त्यांना पैसे लागतात, आणि ते पैसे आपलेच आहेत. वाचकहो, पुढल्या खेपेस म्हैसूरला गेलात, तर राजवाडा अवश्य पाहा. पण तेथून अग्रहारापर्यंत पायी चालत जा. वाटेत किती वेळा पदपथावरून खाली उतरावे लागले ते मोजा; आणि घरी परतल्यावर आपल्या दारापासून जवळच्या देवळापर्यंत तेवढीच मोजणी करा.